बेबी डॉलने न थांबवलेला माणूस

बेलमाँट, पोर्ट ऑफ स्पेन
८ जानेवारी

केन,

नाताळचा काळा केक अजून डब्यात आहे आणि आमच्याकडे कार्निव्हल सुरूही झाला. परवा संध्याकाळी रेडिओवर शेवटचं नाताळगीत वाजवलं, काल सकाळी कार्निव्हलचं पहिलं सोका गाणं. मधे धड एक घोट पाणी प्यायलाही फट नव्हती. आता कार्निव्हल संपवणाऱ्या राखेच्या बुधवारपर्यंत माझं घर म्हणजे कपडे बदलायची जागा.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. उघडलंस तर शेवटपर्यंत वाचशील याची खात्री आहे. ताटातलं अर्धवट टाकलेलं आणि अर्धवट वाचलेलं तुला लहानपणापासून सहन होत नाही. वर ‘झँडोली’ लिहिणार होते, मग खोडलं. झँडोली म्हणजे पालच, तसा भिंतीवर चढणारा पोरगा आता टोरांटोतल्या इमारतींचे हीटर दुरुस्त करतो. त्या नावाने तुला मा आणि मी सोडून कोणी ओळखत नाही, आणि सध्या तू आमच्या दोघींच्याही हाकेला येत नाहीस.

मा बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. गुडघे कुरकुरतात, जीभ शाबूत आहे.

लिहायचं कारण वेगळंच आहे. यंदा गार्विनने, म्हणजे आमच्या स्टेशनच्या निर्मात्याने, माझ्या गळ्यात जुन्या सोंगांची मालिका घातली. “ओडेट, पिसं लावून नाचणाऱ्या मोठ्या बँडबद्दल सगळेच बोलतात. तू म्हाताऱ्यांकडे जा. तुझ्याशी ते बोलतात.” याचा अर्थ मीही म्हातारी झाले, पण ते असो. पहिला भाग बेबी डॉलवर. नव्या पोरांना ते सोंग माहीतच नाही, म्हणून सुरुवात मी अशी लिहिली: “झालरीचा झगा, डोक्याला बाळाची टोपी, काखेत बाहुली. अशी बाई भर रस्त्यात वाटेल त्या पुरुषाचा हात धरते आणि ओरडते, हे पोर तुझं आहे! नाक बघ त्याचं! दुधाला पैसे काढ! गर्दी जमते, माणूस लाल होतो, बाहुलीच्या दुपट्यात नोट खोचतो आणि सुटतो.”

लिहिताना मला आपण दोघं फुटपाथवर दिसलो. हातात बर्फाचा गोळा, त्यावर दाट गोड दूध, आणि समोर आपली आई अख्ख्या गल्लीला ओरडून सांगतेय की या बाळाला बाप नाही. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचे. तू गोळा फेकून घरी निघून जायचास.

तर मी गल्लीच्या मावशीकडे, टँटी विल्माकडे गेले. तिने मा-च्याही आधीपासून बेबी डॉल केलेली. नव्वदीला आलीय, पण माइक बघताच केसांवरून हात फिरवून घेतला. शेवटी मी सहज विचारलं, “टँटी, ज्या बाईचं घरी खरंच बिनबापाचं पोर आहे, तिला रस्त्यात खरा बापच भेटला तर?”

“तर रस्ता ओलांडायचा.”

“म्हणजे?”

“खऱ्याला थांबवायचं नाही गं पोरी. शंभर खोट्यांना थांबव, गव्हर्नरला थांबव. खऱ्याला हात लावलास की ते सोंग राहत नाही, भांडण होतं. आम्ही सगळ्या पाळायचो हे. तुझ्या आईने सांगितलं नाही?”

नाही सांगितलं. तुला सांगितलं होतं का?

ओडेट


२१ जानेवारी

केन,

इतक्या वर्षांनी तुझं उत्तर आलं आणि तेही एका ओळीचं: “मग तिने कोणाला नाही थांबवलं?”

मी आठवडाभर हाच प्रश्न डोक्यात घेऊन फिरतेय. बातमीदाराला असा प्रश्न देणं म्हणजे मांजरासमोर मासळी ठेवणं. तुझ्या लग्नाच्या वेळी तू मा-ला विचारलंस, “चर्चमध्ये बापाचं नाव काय लिहू?” आणि ती पातेलं घासत म्हणाली, “लिही कार्निव्हल.” तू हसला नाहीस. तुमचं ते शेवटचं बोलणं. मी तेव्हा तिथेच उभी होते, पण मला त्या नावाची एवढी भूक कधी नव्हती. बाप नव्हता, तो नव्हता. आता मात्र खाज सुटलीय. कारण आता उत्तर आहे, भर रस्त्यात, गल्लीतल्या लोकांच्या आठवणीत पडलेलं. फक्त उलटं शोधायचं आहे.

म्हणून मी विचारत सुटले. फादर बेन्वा? त्यांना थांबवलं होतं. त्यांनी पैसे दिले आणि बाहुलीला आशीर्वादही दिला. चौकीचा जुना इन्स्पेक्टर? दोनदा. कोपऱ्यावरचा सूकदेव चण्याचे डबल्स कागदात बांधता बांधता ओरडला, “मला? तीनदा! तेही बायकोसमोर! इस्मे म्हणाली, बघा, पोराच्या अंगाला चण्याचा वास येतोय! बायको आठवडाभर बोलली नाही.” आणि असा छाती फुगवून हसला, जसं काही पदक मिळालंय. केन, हे मला माहीत नव्हतं. आपल्या मा-ने, बेलमाँटच्या इस्मेने, थांबवणं हा मान होता. ज्याला थांबवलं नाही त्याला चुकल्यासारखं वाटायचं.

मा-ला सरळच विचारलं. ती तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती.

“मा, तू कोणाला थांबवायची नाहीस?”

“बारक्यांना.”

“उंचीने?”

“जिवाने. आवाज चढवावा एवढं त्यांच्यात काही नसतं.” मग शेंगांवरून नजर न काढता म्हणाली, “विल्माकडे गेली होतीस ना? ऐकला मी कार्यक्रम. तिचा आवाज फार खरखरतो. माइक लांब धरायचा.”

विल्माचं ते वाक्य मी कार्यक्रमात घेतलं नव्हतं. तरी मा-ला कळलं होतं मी काय ऐकून आलेय ते. सोललेले दाणे माझ्या पुढ्यात सारले आणि म्हणाली, “भात टाक. पेलाऊ करू.” विषय संपला.

तुझ्या एका ओळीबद्दल तिला सांगितलेलं नाही. सांगू का?

ओडेट


६ फेब्रुवारी

केन,

हे लगेच लिहायला हवं होतं, पण गेले तीन दिवस पिंपांचे पॅन वाजवणाऱ्या बँडच्या उपांत्य फेरीमागे पळत होते.

बेबी डॉलचा भाग लोकांना इतका आवडला की गार्विन म्हणाला, “आता फोन घेऊ. इस्मेने ज्यांना थांबवलं त्यांनी सांगावं.” मी तिची मुलगी आहे हे स्टेशनवर सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे थट्टाच थट्टा. फोनची रांग लागली. एक जण म्हणाला, तिने मला थांबवलं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि आईच्या मागे लपलो होतो. एक म्हणाला, मी तेव्हा नवरदेव होतो, गाडीतून उतरवलं. स्टुडिओत आम्ही डोळे पुसत होतो.

मग एक म्हाताऱ्याचा आवाज. संथ, स्वच्छ.

“मला कधीच थांबवलं नाही तिने.”

गार्विन माझ्यासोबत माइकवर होता. तो कुठला गप्प बसतोय. “साहेब, तुम्ही दिसायला तितकेसे बरे नसाल.”

“तेव्हा होतो,” तो म्हणाला. गार्विन खो खो हसला. म्हातारा थांबला, हसणं संपू दिलं आणि पुढे म्हणाला, “दर वर्षी मंगळवारी औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर उभा राहायचो. इस्त्रीचा शर्ट घालून. दुधाची नोट घडी करून खिशात. ती यायची, बघायची आणि रस्ता ओलांडायची. एवढं काय वाईट केलं होतं मी, ते तुम्ही तिला विचारा.”

रस्ता ओलांडायची. केन, अगदी हेच शब्द.

मी काही बोलले नाही. गार्विन टेबलावर बोट आपटायला लागला, कारण हवेत रिकामी जागा सोडायची नाही हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. रेडिओ गप्प झाला की लोकांना वाटतं काहीतरी मेलं. मी इतक्या सीझनमध्ये कधी गप्प राहिले नव्हते. शेवटी त्यानेच गाणं लावलं, आणि तोवर फोन बंद झालेला.

घरी गेले तर मा रेडिओसमोर बसलेली. रेडिओ बंद. मी पर्स ठेवली, चपला काढल्या.

“तो अजून इस्त्री करतो का शर्टाला?” तिने विचारलं.

“कोण, मा?”

“फोनवाला.” आणि उठून झोपायच्या खोलीत गेली. भर दुपारी.

ओडेट


१७ फेब्रुवारी

केन,

सापडला. फोनच्या नंबरवरून नाही, आवाजावरून. उपांत्य फेरीच्या ध्वनिफिती तपासत होते, त्यात गॅसलाइट बँडच्या सरावाच्या अड्ड्यावर कोणीतरी मागे म्हणतंय, “तो सूर अजून कच्चा आहे, हात लावू नका.” तोच आवाज. अँसेल्म गिटन्स. गॅसलाइटचे पॅन ठोकून त्यांना सूर लावणारा म्हातारा. नदीपलीकडे राहतो. इथून चालत गेलं तर पेलाऊ गार व्हायच्या आत पोचशील.

मुलाखतीच्या निमित्ताने गेले. निमित्त खोटं नव्हतं, सूर लावणाऱ्यावर एक भाग करायचाच होता. एका पिंपावर वाकून तो हातोडीने टिचक्या मारत होता. मी नाव सांगितलं. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, “बस. हा सूर होऊ दे. अर्धवट ठेवता येत नाही मला.”

मी बसले आणि त्याच्याकडे बघत राहिले. मला दुसरंच कोणीतरी ताट चाटूनपुसून खाताना दिसत होतं.

सूर झाल्यावर तो बोलला. कसलेही आढेवेढे न घेता, पण मोजकं. तरुणपणी तो आजोबांच्या टॅमरिंड हार्मनी बँडमध्ये होता. आजोबांचा उजवा हात. अंतिम फेरीला आठवडा असताना गॅसलाइटवाल्यांनी बोलावलं आणि तो नदी ओलांडून गेला. टॅमरिंडचे पॅन बेसूर राहिले. त्या वर्षी आपण शेवटून दुसरे आलो. आठवतंय, आजोबांनी त्या वर्षाचा फोटो कधी भिंतीवर लावला नाही? मला वाटायचं काच फुटली असेल.

“का गेलात?” मी विचारलं.

“ते चांगले वाजवत होते.” मग खांदे उडवले. “बावीस वर्षांचा होतो. मला वाटलं सूर महत्त्वाचा. तुझ्या आजोबांना वाटलं अड्डा महत्त्वाचा. आज विचारशील तर म्हणेन, एक आठवडा थांबायला हवं होतं.”

तू बाहेरच्यांना हे सांगून बघ, कोणाला पटणार नाही. पण बेलमाँटमध्ये एखादा बायकोला सोडून गेला तर लोक वर्षभर बोलतात आणि विसरतात. अंतिम फेरीच्या आठवड्यात बँड सोडून गेला तर त्याचं नाव घरात घेत नाहीत. आजोबांनी घेऊ दिलं नाही. मा तेव्हा त्यांच्याच घरात राहायची.

मी रेकॉर्डिंग बंद केलं होतं. तेवढं मला कळतं. मग विचारलं, “दर वर्षी कोपऱ्यावर का उभे राहायचात?”

तो हातोडी पुसत राहिला. “कार्निव्हलच्या दिवशी कोणीही कोणालाही काहीही म्हणू शकतं. तुझे आजोबा फुटपाथवर उभे असले तरी त्यांना हसावंच लागलं असतं. मला वाटायचं, थट्टेत का होईना, एकदा ती सगळ्यांसमोर ओरडेल. हे पोर याचं आहे म्हणून. तेवढंच पुरलं असतं.” मग म्हणाला, “पण तिने फादर बेन्वाला थांबवलं, त्या ढेरपोट्या इन्स्पेक्टरला थांबवलं, मला नाही. मला थट्टेतही नाही म्हणाली ती.”

केन, त्याला नियम माहीत नाही. बायकांचा नियम, पुरुषांना कोण सांगणार? इतकी वर्षं मा रस्ता ओलांडून सगळ्या गल्लीला सांगत होती की हाच तो, आणि तो घरी जाऊन शर्ट उतरवताना म्हणत होता की हिने मला नाकारलं.

माझ्या जिभेवर आलं होतं. नाही बोलले. ते मा-चं आहे, तिनेच सांगायला हवं. निघताना त्याने विचारलं, “तो मोठा कुठे असतो?”

“टोरांटोत.”

“थंडी असेल,” तो म्हणाला आणि दुसऱ्या पिंपाकडे वळला.

ओडेट


२८ फेब्रुवारी

केन,

घाईत लिहितेय. उद्या पॅनची अंतिम फेरी, परवा सोंगांच्या राजा-राणीची निवड, मग दोन दिवस रस्ता. माझा आवाज आत्ताच बसलाय, आल्याचा चहा पिऊन ढकलतेय.

मा यंदा बेबी डॉल करणार आहे.

मी नदीपलीकडे जाऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी कपाटावरून पेटी खाली काढून बसली होती. “झालर उसवलीय. सुई ओव, मला दिसत नाही.” मी ओवली. गुडघ्यांचं काय म्हटलं, तर म्हणाली, “गुडघ्यांनी नाही करत सोंग. तोंडाने करतात.”

“मा, मी अँसेल्म गिटन्सना भेटले.”

तिने दोरा दातांनी तोडला. “माहीत आहे. सूकदेवने तुला पुलावर बघितलं.”

“मंगळवारी ते कोपऱ्यावर उभे राहतील.”

“राहू दे.”

“मग? थांबवणार की ओलांडणार?”

“तू रेडिओवाली आहेस ना? त्या दिवशी बघ आणि सांग लोकांना.”

आता माझा पेच बघ. तिने त्यांना थांबवलं, तर ते सुखावतील, पण नियमाप्रमाणे ती सगळ्यांदेखत त्यांना खोटा ठरवेल. टँटी विल्मा खिडकीत बसून बघणार आहे, तिला लगेच कळेल. नाही थांबवलं, तर नियम राहील, पण तो म्हातारा पुन्हा एकदा घडी घातलेली नोट घेऊन घरी जाईल, आणि त्याचं किंवा मा-चं आता असं किती वेळा जमणार आहे? आणि ते बापाचं नाव, ज्यासाठी तू गेलास, ते दोन्ही बाजूंनी न उच्चारलेलंच राहील.

मी विचारलं, का नाही सांगितलंस आम्हाला? निदान आजोबा गेल्यावर? तिने झालरीला दोन टाके घातले. म्हणाली, “सांगणार होते. तेवढ्यात केनने हुकूम सोडल्यासारखं विचारलं. माझ्या बापानेही हुकूमच सोडला होता. एका आयुष्यात दोन हुकूम फार झाले.”

तुझी बाजू मी घेतली. घ्यायलाच हवी होती. पण तिचं बोलणंही माझ्या डोक्यातून जात नाही.

मंगळवारी दुपारी बारानंतर औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावरून मी लाइव्ह असेन. स्टेशन कुठूनही ऐकता येतं. ऐक.

ओडेट


५ मार्च, राखेचा बुधवार

केन,

तुझा एका शब्दाचा निरोप मंगळवारी सकाळीच मिळाला होता: “ऐकेन.” आणि काल रात्रीचा दुसरा: “मधेच बंद का पडलं?”

सांगते.

ऊन असं होतं की डांबर बुटाला चिकटत होतं. पिसांचा मोठा बँड नुकताच सवानाच्या मैदानाकडे गेलेला, रस्त्यावर चमकी आणि रिकामे कप. मा आली ती पाळण्यातून उठून आल्यासारखी. टोपी, गालांवर लाल ठिपके, काखेत तीच बाहुली, जिचा एक डोळा मिटत नाही. पहिल्याच माणसाला तिने असं धरलं की त्याच्या हातातला भाजलेला मका पडला. “पळून कुठे चाललास? हे बघ तुझे कान!” तू हे ऐकलं असशील. मग बँकेचा तो टायवाला. “कर्ज देतोस अख्ख्या गावाला, पोराला दूध नाही?” लोक कुठून कुठून जमा झाले. सूकदेव गाडा सोडून धावत आला, “मला धर, इस्मे! चौथ्यांदा धर!” ती म्हणाली, “तुझं पोर आता बापापेक्षा म्हातारं दिसतं, हो बाजूला.” वर खिडकीत टँटी विल्मा टाळ्या वाजवत होती.

मी सगळं सांगत होते. माझा बसलेला आवाज कुठून परत आला कोण जाणे.

ते कोपऱ्यावर होते. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी बाहीवर दिसत होती. मा-ने त्यांना पाहिलं. रस्त्याच्या मधोमध थांबली. मी बोलत होते, काय बोलत होते ते तूच सांग, कारण मला काही आठवत नाही. ती पलीकडच्या फुटपाथकडे वळली. अँसेल्मनी खिशातला हात बाहेर काढला, रिकामा. लोकांच्या लक्षातही आलं नसेल. खिडकीतल्या टाळ्या थांबल्या.

मग ती फिरली आणि सरळ त्यांच्याकडे चालत आली. त्यांच्यापासून चार पावलांवर उभी राहिली आणि डोक्यावरची टोपी काढली. झग्याच्या टोकाने गालांवरचे ठिपके पुसले, दोन्ही. बाहुली माझ्या हातात दिली. मी एका हाताने माइक धरलेला, दुसऱ्यात बाहुली. आणि माझ्या आईने, बेबी डॉलने नाही, इस्मेने, तिच्या स्वयंपाकघरातल्या आवाजात म्हटलं, “अँसेल्म.”

तिथे मी माइक बंद केला.

तू आणि सगळा देश जी शांतता ऐकत होतात ती तिथून सुरू झाली. माझ्या कानात गार्विन ओरडत होता, “ओडेट! आहेस का? ओडेट, हवा रिकामी आहे!” मी कानातला इअरफोनही काढला. हे जे पुढे झालं ते चारचौघांत झालं, पण चारचौघांसाठी नव्हतं. तुझ्यासाठी होतं, म्हणून तुलाच लिहितेय.

त्यांनी घाईघाईने नोट काढली आणि पुढे केली. मा म्हणाली, “ठेव ती. ती बाहुलीसाठी असते. बाहुली खोटी आहे.”

“मग काय देऊ?”

“नावं सांग पोरांची. माझ्या बापाच्या घरात मी तुझं नाव घेतलं नाही. तू त्यांची तरी घेतलीस का कधी, ते मला ऐकायचंय.”

ते माझ्याकडे वळले. “ही ओडेट. हिला रोज सकाळी ऐकतो. पोटात होती तेव्हा मी नदी ओलांडली.” मग मला वाटलं आता ते केनरिक म्हणतील. ते म्हणाले, “आणि झँडोली.”

केन, मी कोणाला सांगितलं नव्हतं. मा-नेही नाही.

“तीन वर्षांचा नव्हता अजून,” ते म्हणाले. “अड्ड्याच्या भिंतीवर चढून बसला होता. वरून सगळा बँड बघत होता. मी म्हटलं, अरे, ही तर आपली झँडोली. नाव तेव्हापासून पडलं.”

मा-ने त्यांच्या शर्टाची बाही धरली. “मी रस्ता का ओलांडायचे, ते तुला कळलंच नाही ना?”

“नाही.”

“ये, सांगते,” ती म्हणाली आणि दोघं औषधांच्या दुकानाच्या पायरीवर सावलीत जाऊन बसली. झालरीचा झगा आणि इस्त्रीचा शर्ट. तिने काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण ते आधी हसले आणि मग त्यांनी रुमाल काढला. खिडकीतून टँटी विल्मा ओरडली, “इतका वेळ लागतो होय गं सांगायला!”

आणि मी रस्त्यात उभी. इतके सीझन मी या रस्त्याच्या कडेला उभी राहून दुसऱ्यांची सोंगं सांगितली, स्वतः कधी चमकीचा एक ठिपकासुद्धा लावला नाही. हातात बंद माइक आणि एक डोळा उघडा असलेली बाहुली. तेवढ्यात कोणीतरी उंच, आइस्क्रीम खात जाणारा माणूस हसून म्हणाला, “काय रेडिओवाली, हे कोणाचं?”

मी त्याचा हात धरला. मला माहीत नव्हतं मी धरणार आहे. “तुझं!” मी ओरडले. “नाक बघ! आइस्क्रीम खातोस आणि पोर उपाशी?” गर्दी वळली. सूकदेवने शिट्टी मारली. त्या माणसाने खरंच नोट काढली, आणि मी, तुझी शांत, सभ्य बहीण, ती बाहुलीच्या दुपट्यात खोचून घेतली आणि पुढच्याच्या मागे धावले. मा पायरीवरून बघत होती. नंतर म्हणाली, “आवाज चांगला आहे. पाय फार भराभर टाकतेस.”

आज सकाळी आम्ही दोघी कपाळाला राख लावून आलो. वाटेत तिने विचारलं, “केनने ऐकलं?”

“नाही. मी बंद केला होता.”

“बरं केलंस.” थोडं चालल्यावर म्हणाली, “मग तूच सांग त्याला. आणि सांग, हुकूम नाही, विचारलं म्हणून सांगतेय.”

रविवारी ते जेवायला येणार आहेत. बर्फ त्यांनी आणायचा, असं ठरलंय. फोन जेवणाच्या टेबलावर ठेवू. वाजला तर उचलू, नाही वाजला तर जेवू.

दुपारी स्टेशनवर गेले. गार्विनने त्या रिकाम्या हवेचं कारण लेखी मागितलं. मी लिहून दिलं: तांत्रिक बिघाड. तुला मात्र बिघाडाचं पूर्ण नाव लिहून देते. अँसेल्म जोसेफ गिटन्स. सूर लावणारा. आपला बाप.

ओडेट